वामनरावांच्या पाकातलं दूध

जावयाला नावं ठेवू नयेत, असं आमच्या देऊळघाटात लहानपणापासून शिकवतात. जावई आला की पाट मांडावा, पाय धुवायला पाणी द्यावं, तो जे बोलेल त्याला मान डोलवावी. मी सगळं केलं. पाट मांडला, पाणी दिलं, मान तर इतकी डोलावली की नंदीबैलाने लाजावं. आता वामनराव म्हातारे झाले, मीही झालो, आणि मान दुखायला लागली आहे. तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

वामनराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, कोकिळेचे, यजमान. राहणार जळगाव जामोद. घरी काळी कसदार जमीन, आणि हा एकुलता एक. वडील लवकर गेले. आईने, म्हणजे झुंबरबाईंनी, पोराला तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि त्या फोडाला आपण कोणीतरी आहोत असं वाटू लागलं. त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला बांधलेलं, त्यामुळे आमच्याकडचं हुशार पोरगं शिकायला नागपूरला जाई. वामनराव गेले, सायन्स घेतलं, एम. एस्सी. झाले आणि सूट घालून परत आले. सूट चांगला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ते काय शिकून आले, हे मी पुष्कळ वेळा ऐकलं आहे, म्हणून सांगू शकतो. काही पदार्थ पाण्यात विरघळवून त्यावर ऊन पाडलं, की ते ऊन गिळतात आणि आपला निराळ्या रंगाचा उजेड बाहेर टाकतात. ऊन अडवलं की तो उजेड विझतो. पण लगेच विझत नाही, जरा थांबून विझतो. ते जरासं थांबणं किती, एवढं मोजण्यात वामनरावांनी ऐन तारुण्य घातलं. आणि ते थांबणं तरी केवढं? आपली पापणी एकदा लवते तेवढ्यात तो उजेड कोट्यवधी वेळा पेटून विझेल. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साधं विचारलं, "मोजून काय करायचं?"

"भगवंतराव," ते म्हणाले, "ते तुम्हाला नाही समजायचं."

हे उत्तर त्यांनी सगळ्या वऱ्हाडासाठी तयार ठेवलं होतं. कापसाचा भाव विचारणाऱ्याला, पिकाची चौकशी करणाऱ्याला, बायकोला, आईला, सगळ्यांना एकच.

आता मोजायचं कशावर? तर त्यांच्या घरात बिज्याच्या लाकडाचा एक पेला होता. सातपुड्यातले लोक बाजारात आणून विकतात तसलाच. झुंबरबाईंना लघवीतून साखर जाण्याचा आजार. त्या पेल्यात संध्याकाळी पाणी ओतून ठेवत आणि सकाळी अनशापोटी पीत. ते पाणी उन्हात धरलं की कडेने निळं निळं झळाळतं. आमच्याकडे हे कोणालाही माहीत आहे, आणि कोणी त्यावर उड्या मारत नाही. वामनरावांनी मारल्या. या निळ्या उजेडाचा वेळ जगात कोणी मोजलेला नाही, तो मी मोजतो, आणि नागपूरच्या माझ्या प्रोफेसरांकडे जागा मिळवतो, असं त्यांनी जाहीर केलं. प्रोफेसरांच्या हाताखाली एक जागा खरोखरच होती, आणि तिच्यासोबत कॉलेजच्या आवारात राहायला दोन खोल्या.

झुंबरबाईंना जागेचं कौतुक. माझ्या बहिणीचा जीव अडकला होता त्या दोन खोल्यांत.

झुंबरबाईंचं घर बाहेरून पाहणाऱ्याला भरलेलं दिसे. आत प्रत्येक गोष्टीला कुलूप. डाळीला कुलूप, साखरेला कुलूप, तापवलेल्या दुधाचं पातेलंही शिंक्यावर नाही, कपाटात, आणि कपाटाची किल्ली झुंबरबाईंच्या कमरेला. कोकिळेने त्या घरात पाय ठेवल्यापासून मिठाची चिमूटसुद्धा मागून घेतली होती. भाजीत मिरची किती, भाकरी केवढी, चूल केव्हा विझवायची, काही तिच्या हातात नव्हतं. मी तिला माहेरी नेलं की पहिल्या दिवशी ती आमच्या आईला विचारी, "तेल घेऊ का?" आई रडायची. एकदा कोकिळा मला म्हणाली होती, "दादा, नागपूरले सैपाकघरात नळ हाय म्हने. नळ नसला तरी चालते. चूल माही पायजे." एवढंच मागणं. उजेड किती वेळ टिकतो याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, पण तिची चूल त्या उजेडावर येऊन अडली होती.

खरं म्हणजे चूल जवळही मिळत होती. झुंबरबाईंचे चुलतभाऊ हिंमतराव नांदुऱ्याला, तिथल्या शाळेच्या मंडळावर. शाळेला सायन्सचा मास्तर हवा होता. स्टेशनजवळ घर बघून देतो, या म्हणून ते दोनदा घरी येऊन गेले. वामनरावांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "मामा, सरकीच्या दलालांच्या पोरांना मी प्रकाश शिकवू? गाढवाला गुळाची चव काय!" हिंमतराव भला माणूस. त्यांनी चहा संपवला, टोपी घातली आणि गेले. कोकिळा दाराआड उभी होती, तिने कप उचलले.

मग वामनरावांनी सरकीची खोली रिकामी करून घेतली. दार-खिडक्या गोणपाटाने बुजवल्या, पत्र्याला भोक पाडून उन्हाची एक दोरी आत घेतली. त्या उन्हापुढे जांभळी काच, नागपूरहून आणलेला एक स्फटिक, काचेचं चौकोनी भांडं, आणि पलीकडे दुसरा स्फटिक डोळ्याला लावून बसलेले वामनराव. बाहेर पिकाची सोंगणी चाललेली, मजुरांना सांगायला घरात पुरुष नाही, आणि हे आत कोंडून. एका डोळ्याला कायमची आठी पडली ती तेव्हाच.

मोजायची त्यांची रीत मी समजून घेतली, ती अशी. स्फटिकातून आलेला उजेड एकाच अंगाने हलतो. पाण्यातला कण तो गिळतो आणि सोडेपर्यंत गिरकी घेतो, म्हणून सोडलेला उजेड तिरपा होऊन येतो. पाणी पातळ असलं की गिरकी मोठी. तेच दाट पाकात कण चिखलात रुतलेल्या बैलासारखा, त्याला हलता येत नाही, उजेड सरळ येतो. कोणत्या दाटपणाला उजेड किती तिरपा झाला ते पाहायचं, आणि त्यावरून कणाने तो किती वेळ धरून ठेवला ते काढायचं. रीत चांगली आहे. ती काढणारा शहाणा होता, तो कोणी आमचा जावई नव्हे.

म्हणून बिज्याचं पाणी मिसळायला रोज पाक लागे. या पाकाला घरात कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम. कोकिळेची सावली पडली तरी ओरडत. साखर आईकडून मोजून घेत, स्वतः शेगडी पेटवत, स्वतः ढवळत. पाक करणारा पुरुष आमच्याकडे लग्नातला आचारी सोडला तर दिसत नाही, त्यामुळे शेजारपाजारच्या बायका पदर तोंडाला लावून बघून गेल्या.

आणि लागला शोध! बिज्याच्या पाण्याचा उजेड इतका चटकन विझतो, की आजवर मोजलेला कुठलाच द्रव त्याच्या पुढे नाही. वामनराव जमिनीवरून चार बोटं वर चालू लागले. त्यांनी प्रोफेसरांना कळवलं, प्रोफेसरांनी बोलावलं, म्हणाले समोर करून दाखवा, मग जागेचं बघू. कोकिळेने आपली पितळी भांडी चिंचेने घासून एका पोत्यात बांधली, आणि पोतं कोणाला दिसू नये म्हणून गोठ्यात ठेवलं.

मी सोबत गेलो, कारण जावयाची काचेची पेटी कोणीतरी मांडीवर धरायला पाहिजे होती. नांदुऱ्यापर्यंत सर्व्हिस मोटर, पुढे रेल्वे. अख्ख्या वाटेत त्यांनी मला त्या पेटीला धक्का न लागू देण्याबद्दल सूचना केल्या.

प्रोफेसर वयस्कर, बारीक, मऊ बोलणारे. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "ज्याचा वेळ आधीच ठाऊक आहे असा एखादा रंग तुमच्या पाकात घालून ताडून पाहिलंत ना?"

"गरज वाटली नाही, सर."

मला शेतीतलं समजतं. नवीन मापाने धान्य मोजायचं तर आपण आधी ते जुन्या मापाशी लावून बघतो, हे आमच्याकडे अडाण्यालाही कळतं. एम. एस्सी.ला गरज वाटली नाही.

"बरं," प्रोफेसर म्हणाले, "घरून आणलेला बाटलीतला पाक असू द्या बाजूला. इथंच ताजा करा."

साखर आली, पाणी आलं, दिवा पेटला. भोवती चार-पाच विद्यार्थी. वामनराव बाह्या सरसावून ढवळू लागले. पाकाला उकळी आली, वर करडा फेस जमला, आणि आमच्या शास्त्रज्ञांनी मान वर न करता शिपायाला फर्मावलं, "जरा दूध आणा."

शिपाई म्हणाला, "चहा मागाहून होईल, साहेब."

"चहाले नाही बे, पाकाले!" इतकी वर्षं सुटाखाली दाबून ठेवलेलं वऱ्हाडी नको तिथे बाहेर आलं.

"पाकाला दूध?" प्रोफेसरांनी विचारलं.

"मळी काढायला, सर. दूध टाकल्याशिवाय पाक निर्मळ कसा होईल?"

"घरीही घालत होता?"

"हो. म्हणजे घालतो असं नाही, सर. मळीबरोबर ते वर येतं, आपण काढूनच टाकतो."

"तुम्ही तर कळवलं होतं, फक्त साखर आणि पाणी."

"साखर आणि पाणीच आहे, सर!"

आणि ते खोटं बोलत नव्हते, यातच सगळं आलं. आमच्या कोणत्याही घरी विचारा, पाकात काय काय असतं? साखर आणि पाणी, असंच सांगतील. चमचाभर दूध सांगणार नाहीत, कारण ते घालायचं असतं हे आपण आईच्या पाठीशी बसून पाहिलेलं असतं, कोणी शिकवलेलं नसतं. बायकांनी ते विसरावं, त्यांना फक्त पुऱ्या बुडवायच्या असतात. पण उजेड मोजणाऱ्याने?

प्रोफेसरांनी घरून आणलेली बाटली उन्हाच्या कवडशात धरली. त्या निर्मळ म्हणवणाऱ्या पाकात पांढुरकी रेघ उठून दिसली. प्रोफेसर माझ्याकडे वळून, मला समजावं म्हणून सोपं करून बोलले, "हे दुधाचे कण. हे उजेड गिळत नाहीत, आला तसा टोलवतात. त्यांना वेळ लागतच नाही, आणि उजेड तिरपाही होत नाही. यांनी मोजलं ते दूध."

एक विद्यार्थी फिसकन हसला, मग सगळेच हसले. बिनदुधाच्या पाकात मोजलं, तर बिज्याचा उजेड चारचौघांसारखाच निघाला. प्रोफेसर शेवटी म्हणाले, "चूक कोणाचीही होते हो. मला या जागेवर ताडून पाहणारा माणूस हवा आहे." म्हणजे हाकलतानाही अपमान केला नाही. मी असतो तर केला असता.

गाडीत वामनराव खिडकीबाहेर बघत होते. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाले, "भगवंतराव, घरी दुधाचं काढू नका." मी मान डोलावली. मला वाटलं, माणसाला लाज वाटते आहे, वाटू द्या. ते नांदुऱ्याला उतरले, मी पुढे मलकापूरला उतरून घरी आलो.

लाज कसली! दिवाळीच्या थोडं आधी जळगाव जामोदचा एक ओळखीचा बैलांचा व्यापारी आमच्या गोठ्यात बसला असताना म्हणाला, "काय हो, तुमच्या बहिणीनं म्हने पाकात दूध टाकलं अन् जवायाची नागपूरची नोकरी गेली!" मी बैलाची वेसण हातातून सोडली. वामनरावांनी ओसरीवर, पारावर, न्हाव्याकडे, सगळीकडे हेच सांगितलं होतं. घरातल्या बाईला अक्कल नाही, तिने चोरून दूध घातलं. आईला मात्र दुधाचं नाव न घेता नुसतं म्हणाले, "तुझ्या सुनेने पाक नासवला." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणाला मारहाण करायचं बाकी होतं. झुंबरबाईंनी ती कसरही भरून काढली. सुनेचं चुलीपाशी जाणंच बंद केलं. भांडी घास, शेण काढ.

दिवाळीला बहिणीला आणायला गेलो तेव्हा ती गोठ्यात होती. भांड्यांचं पोतं तिथेच, अजून बांधलेलं. मी म्हणालो, "कोकिळे, मी तिथं होतो. साऱ्याईसमोर सांगतो आज."

"नको दादा. तू माहा भाऊ. तू बोलशीन तं म्हनतीन, बहिणीची बाजू घेऊन राह्यला."

"मंग?"

"ज्यानं बोललं पायजे त्याच्याच तोंडून निंगू दे." आणि ती हात धुवायला गेली. मला वाटलं, हिने नशिबावर सोडलं. बहिणीला इतकं कमी ओळखतात भाऊ.

त्या दिवशी जेवायला हिंमतराव नांदुऱ्याहून आलेले, आणखी दोन-तीन नातेवाईक, मी, आणि मधे वामनराव, डोळ्याला आठी घालून. पाकातल्या पुऱ्यांचा बेत. झुंबरबाईंचे पाय सुजलेले, त्यांच्याने शेगडीपाशी बसवेना, म्हणून साखर आणि चमचाभर दूध मोजून देऊन नाइलाजाने पाक कोकिळेला सांगितलेला. तिने परातीत पुऱ्या आणल्या आणि पहिली वामनरावांच्या ताटात वाढली.

पुरीवर काळपट फेस, पाकात मळीचे तंतू. ताटात गढूळ डबकं झालं. झुंबरबाईंना गोड खायची बंदी, पण नजरेला बंदी नव्हती. त्या दारातून कडाडल्या, "अवं, हा पाक हाय का डबऱ्यातलं पाणी? दूध नाही टाकलं?"

कोकिळेने पदर सारखा केला. पुरुषांच्या पंगतीत आमच्याकडची सून तोंड उघडत नाही. तिने उघडलं, आवाज न चढवता. "आत्याबाई, मी पाकात दूध टाकलं म्हणून नागपूरची नोकरी गेली, असं सारं गाव म्हनते. आता मी कशी टाकू?"

"तू टाकलं?" झुंबरबाईंना राग आला, पण तो भलत्याच गोष्टीचा. त्यांच्या कुलपावर कोणी संशय घेतला होता. "तुह्या हाती दूध येईन कुठून? किल्ली माह्या कमरेले हाय! एक थेंब कोनाले भेटते का या घरात मले इचारल्याबिगर? वाम्याच्या पाकाले मी देत होती दूध. रोज वाटी घेऊन ये तो. 'माय, मळी काढाले पायजे' म्हने. माह्या हातानं देत होती मी!"

झुंबरबाईंनी कमरेची किल्ली हातात धरून सगळ्यांना दाखवली होती, ती तशीच धरलेली राहिली. आपण काय बोललो ते त्यांना हळूहळू उमगत गेलं, ते मी पाहिलं. मग त्या लेकाकडे वळल्या आणि लहान पोराला विचारावं तसं विचारलं, "काऊन बे वाम्या, दुधानंच नासला का पाक?"

वामनराव ताटाकडे बघत होते. इतक्या बारकाईने त्यांनी बिज्याचं पाणीसुद्धा पाहिलं नसेल. मला वाटलं होतं या क्षणी मला फार आनंद होईल. झालाही. खोटं कशाला सांगू.

कोकिळा परात हातात घेऊन तशीच उभी. "हिंमतमामा," ती म्हणाली, "शाळेतली जागा हाय का अजून?"

हिंमतराव शहाणा माणूस, त्यांनी भाच्याकडे पाहिलंच नाही. "हाय ना पोरी."

"भाऊबीज झाली का जाऊ मंग आम्ही."

मग पंगतीच्या मधून, ज्या तोंडाने आयुष्यभर सगळ्यांना 'तुम्हाला नाही समजायचं' ऐकवलं त्या तोंडातून, एकच शब्द आला. "हाव."

वामनरावांनी नांदुऱ्याच्या शाळेत जन्म काढला. सरकीच्या दलालांच्या पोरांना प्रकाश शिकवला. माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही. अजूनही ओसरीवर कोणी नवखा सापडला, की बिज्याच्या पाण्यावर आपण कसा शोध लावला होता आणि नागपूरच्या लोकांनी तो कसा दडपला, हे सांगतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी समोर असलो की मात्र गोष्ट मधेच सोडून पाणी प्यायला उठतात.

स्टेशनजवळच्या त्या घरात स्वयंपाकघर म्हणजे एक अंधारी खोली. नळ नाही, मालगाडी गेली की भांडी वाजतात. पण कपाटाला कुलूप नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कोकिळा चुलीपुढे बसून पाक करत होती. उकळी आली, करडा फेस जमला. दुधाचं पातेलं तिच्या हाताशी होतं. तिने त्याला हात लावला नाही. बाहेरच्या खोलीकडे मान वळवून तिने शांतपणे हाक मारली, "अहो, जरा दूध टाकून देता का? तुमचा हात चांगला हाय."

वामनराव वही बाजूला ठेवून आत आले, खाली वाकून चमचाभर दूध त्यांनी पाकात सोडलं, आणि मळी वर येईपर्यंत तिथेच उभे राहिले. प्रत्येक सणाला ती त्यांना अशीच हाक मारते, आणि ते प्रत्येक वेळी येतात.